सहाचा पहारा

राधाकिसन वेळेचा इतका पक्का, की त्याच्या शेळ्या रस्त्याला लागल्या म्हणजे वडीगोद्रीतल्या बाया भाकरीचा तवा चढवायच्या. बाप-आजे मेंढ्यांमागं मुलूखभर हिंडलेले. त्याच्याकडं आता चाळीसेक शेळ्या, आणि मधल्या दिवसांत कुणाच्या तरी रानात मजुरी. उशीर करणाऱ्या माणसाचा त्याला मनापासून तिटकारा. आणि नेमका त्याच्याच पाठीमागचा वीणेचा पहारा बद्रीनाथाचा, ज्याला बायको उषाबाई तीनदा हाक मारते तेव्हा तो कूस बदलतो.

दोष देवाला द्यायची सोय नव्हती, पहारा त्यानं स्वतःच मागून घेतला होता. गावात सप्ताह चालू होता. सात दिवस, अखंड, मांडवात वीणा वाजती ठेवायची. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं उभं राहून तार छेडायची आणि 'रामकृष्ण हरी' म्हणत राहायचं. वीणा भुईला टेकवायची नाही, नाम तोडून दुसरं बोलायचं नाही, आणि पुढचा माणूस येऊन आपल्या गळ्यात घेईपर्यंत सुटका नाही. राधाकिसननं पहाटे चार ते सहाची पाळी धरली ती भक्तीनं नव्हे, रागानं. लेक वर्षाराणी संभाजीनगरला एका दवाखान्यात नर्स म्हणून निघाली होती, सातच्या एसटीनं. एकटी पोरगी शहरात कशी राहील, म्हणून तो चार दिवस घरात धुमसत होता. शेवटी बोलून गेला, "जायचं तर जाय. म्या काही ष्टँडवर येनार न्हाई." बोललेलं पाळायला निमित्त हवं, म्हणून हा पहारा.

पण आदल्या दिवशी लेकीनं बॅग भरताना त्याची जुनी घोंगडी घडी करून तळाशी ठेवली, ते त्यानं दारातून पाहिलं आणि त्याचा सगळा ताठा उतरला. सहाला पहारा सुटेल, सातला एसटी. स्टँडवर जायचं आणि सांगायचं, बाई, राग न्हाई माझा, सुखानं जाय. एवढं एक वाक्य त्याला बोलायचं होतं.

सहा वाजले. काकडा आटोपून माणसं जांभया देत घरी गेली होती. रात्रीचं कीर्तन लांबल्यानं सगळं गाव अंथरुणात पेंगत पडलेलं. सोबतचे दोन टाळकरी "चहा घेऊन आलोच" म्हणून गेले, ते गेलेच. बद्रीनाथाचा पत्ता नाही.

सव्वासहा झाले. राधाकिसनच्या डोक्यात सणक गेली. शिवी देता येईना, हाक मारता येईना, खिशातला फोन काढायला हात मोकळा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग त्यानं सगळा राग तारेवर काढला. माईकला वीणा भिडवली आणि अशी छेडली, की बद्रीनाथाच्या कानाचे पडदे फाटावेत. 'रामकृष्ण हरी'सुद्धा तो बद्रीनाथाला उद्देशूनच ओरडत होता.

भोंग्यावरून ते गावभर गेलं, आणि घात झाला. रोजच्या रेंगाळलेल्या, मरगळलेल्या वाजवण्यापुढं आज भलतंच पाणीदार वाजत होतं. गोधडीतली माणसं सुखावली. देऊळ झाडायला आलेली गोजरबाई तर मांडवात उभीच राहिली.

"काय वाजवून राह्यला रे राधाकिसन! जीव कसा हलका झाला सकाळी सकाळी," ती म्हणाली. "आमची सून म्हनली, आत्याबाई, उठूच वाटंना, ऐकतच पडावं वाटतं."

त्यानं डोळे मोठे केले. हनुवटीनं बद्रीनाथाच्या घराकडं खुणावलं, पुन्हा खुणावलं, पाय आपटला. गोजरबाईनं हात जोडले. "नाचाया लागला बाई. रंगलाय पुरा," असं पुटपुटत ती देवळामागं झाडायला निघून गेली. राधाकिसनला रडावं की हसावं कळेना. दोन्ही करायला तोंड मोकळं नव्हतं.

पावणेसातला त्याचा धीर सुटला. वीणा टेकवायची नाही, नाम तोडायचं नाही, हे खरं. पण मांडवातून हलायचं नाही असं कुणी सांगितलं होतं? त्यानं विठ्ठलाकडं एकवार पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली आणि वीणा गळ्यात घेऊन, छेडत, ओरडत, तो थेट हायवेवरच्या स्टँडकडं निघाला.

इकडं भोंगा मुका झाला आणि सगळं गाव खडबडून जागं झालं. इतका वेळ ज्या आवाजानं उठली नाहीत, ती माणसं आवाज थांबल्यावर उठली. बद्रीनाथ तर अंथरुणातून उठला तो पळतच सुटला.

स्टँडवर आसराबाई लेकीची बॅग धरून उभी होती. नवऱ्याला पाहून तिनं कपाळाला हात लावला. "अवो, देवाची वीणा घेऊन ष्टँडवर?"

"रामकृष्ण हरी," राधाकिसन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

एसटी येऊन लागली होती. वर्षाराणी त्याच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आबा, राग हाय का अजून?"

त्यानं जिवाच्या आकांतानं मान हलवली, नाही, नाही, नाही. पण वीणा छेडणाऱ्याची मान हलतेच. ती बिचारी काय समजणार? डोळे पुसून ती एसटीकडं वळली.

तेवढ्यात बद्रीनाथ आला. अनवाणी, डोक्याला मफलर, तोंडाला पाणी नाही. तो राधाकिसनच्या पाया पडला. "माफी करा राधाकिसनभाऊ. लई गोड वाजत व्हतं, अजून थोडं ऐकावं म्हनलं तं डोळाच लागला," एवढं बोलून त्यानं वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि तो वाजवत मांडवाकडं पळाला.

राधाकिसनला त्याला झोडपायला वेळ नव्हता. हात मोकळे होते, तोंड मोकळं होतं, लेक एसटीच्या पायरीवर होती. त्यानं तोंड उघडलं आणि आत काहीच उरलेलं नव्हतं. तीन तास ओरडून घसा पार बसला होता. नुसती हवा बाहेर आली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

मग पहारा सोपवताना माणूस माणसाच्या पाया पडतो, तसा राधाकिसन वाकला आणि त्यानं पायरीवरच्या लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. भर स्टँडवर, चहावाल्यांसमोर, बापानं लेकीच्या.

वर्षाराणी खाली वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याला उठवलं.

"पंधरा दिवसांनी येते, आबा. न्यायाला ष्टँडवर या."

त्यानं मान हलवली. या वेळी ती तिला बरोबर कळली.