रंजनाताईंची लाइन

बँकेच्या मिरजगाव शाखेत बदली होऊन गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी माझं रंजनाताईंशी वाजलं. मला नगरला घरी फोन करायचा होता. स्टँडसमोर तेव्हा एकच एसटीडी बूथ होता. आत काचेची केबिन, बाहेर टेबल आणि टेबलामागे रंजनाताई. पलीकडून बायकोचा आवाज येतो न येतो, तोच बाईंनी टेबलावरचा रेडिओ मोठा केला. केबिनचं दार नीट लागत नव्हतं. बायको जेवणाचं विचारत होती आणि रेडिओवरचा माणूस कपाशीवरच्या किडीबद्दल सांगत होता. बाहेर येऊन मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "बाई, माणूस फोनवर बोलत असताना रेडिओ कमी करतात."

त्यांनी मीटरमधून निघालेली चिठ्ठी फाडून माझ्यापुढे ठेवली. "तुमाला तिकडचं ऐकू आलं ना?"

"आलं, कसंबसं."

"मग झालं. मला इकडचं ऐकू यायला नको, म्हनून लावते."

मी पैसे देऊन निघालो. ही बाई तऱ्हेवाईक आहे, एवढंच तेव्हा वाटलं. पण दुसरा बूथ नव्हता, त्यामुळे रोज संध्याकाळी तिथे जाणं भागच होतं. पुढे बँक उघडायच्या आधी सकाळीही जाऊन बसायला लागलो. त्यांच्याकडे पेपर यायचा, आणि माझ्या खोलीवर बसून करण्यासारखं काही नव्हतं.

रंजनाताई साळवे तेव्हा पस्तिशीच्या असतील. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला. हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून त्या वस्तीतून स्टँडपर्यंत यायच्या. वडिलांनी रोजंदारी करून त्यांना नगरच्या वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवलं होतं. अपंगांसाठीच्या सवलतीत हा बूथ मिळाला, त्यासाठी कर्जत आणि नगरच्या कचेऱ्यांत किती चकरा झाल्या, ते त्या कधी सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "चाकाचं टायर बदलावं लागलं." टेबलामागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली वडिलांनी स्वतः रंगवलेली पाटी. तिच्यावर 'फोन' या शब्दातला 'न' जागा न पुरल्याने खाली उतरला होता.

तो सगळा भाग लिंबांचा. सकाळी शेतकरी गोण्या घेऊन यायचे, दहाच्या सुमारास लिलाव व्हायचा. पूर्वी मुंबईत लिंबाला काय भाव आहे, हे इथला व्यापारी सांगेल तेच खरं. बूथ आल्यापासून ते बदललं. शेतकरी लिलावाआधी मुंबईच्या बाजारात ओळखीच्या कुणाला तरी फोन लावायचा, भाव विचारायचा आणि मगच गोणी खाली उतरवायचा. एका वायरीने व्यापाऱ्याची आणि शेतकऱ्याची जागा थोडी जवळ आणली होती. हे सगळं त्यांच्या टेबलासमोरून जायचं, आणि त्याच वेळी रेडिओ सगळ्यांत मोठा असायचा.

बाहेर थांबलेले कुणी विचारत, "ताई, काय म्हनाला हो मुंबईवाला?"

"ज्यानं फोन केला त्याला इचारा. ज्याचा फोन, त्याचा भाव."

व्यापारीही विचारायचे, अमक्याने कुणाला फोन केला. त्यांनाही तेच उत्तर. एकदा मी गमतीने म्हणालो, "रंजनाताई, तुम्हाला तर अख्ख्या बाजाराचं गुपित माहीत असेल." त्या हसल्या नाहीत. "साहेब, डोळ्याला पापनी दिलीय. कानाला काय दिलंय? लोक लाइनवर वरडत्यात, ते येतंच कानावर. आलेलं घरी घेऊन जावं लागतं. मी आधीच दमलेली आसते, त्यात ह्यांचं कशाला?"

दमले हा त्यांचा नेहमीचा शब्द होता. सकाळी एसटीच्या पहिल्या गाडीला बूथ उघडायचा, रात्री शेवटची गाडी गेल्यावर बंद. दिवसभर एका जागी बसून पाय सुजायचा. पण त्यांना खरं दमवायचे ते मयताचे फोन. गावात कुणी गेलं की नातेवाईक निरोप द्यायला बूथवर यायचे. त्यांच्याकडून नंबर चुकत. मग रंजनाताई स्वतः नंबर लावायच्या आणि बऱ्याचदा निरोपही त्याच सांगायच्या, कारण त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नसे. "मिरजगावहून बोलते. मामा गेले. सकाळी. या." एवढंच. त्या दिवशी मग त्या कुणाशी बोलत नसत. रेडिओही लावत नसत.

त्यांना एकच हौस होती. फॅक्स मशिन घ्यायचं. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या भावाने त्यांना कंपनीतलं मशिन दाखवलं होतं. इकडे कागद घातला की तिकडे निघतो, हे त्या मला पुन्हा पुन्हा समजावून सांगत, जणू मी कधी पाहिलंच नव्हतं. कर्जासाठी आमच्याकडे अर्जही केला. जामीनदार मिळाला नाही. मी शाखेच्या साहेबांशी बोललो, पण उपयोग झाला नाही. मशिनचं रंगीत माहितीपत्रक मात्र टेबलाच्या काचेखाली तसंच राहिलं.

त्या उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढला. एका सकाळी बबनशेठ बूथवर आले. मी बाकावर पेपर वाचत होतो. बबनशेठ गावातले मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड, अडीनडीला धावून जाणारा. रंजनाताईंच्या वडिलांना, आप्पांना, नगरच्या दवाखान्यात न्यायला त्यांनीच एकदा जीप दिली होती. मी आहे हे पाहूनही त्यांनी विषय काढला, म्हणजे त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नसावं.

"ताई, फॅक्स मशिन घ्यायचं म्हनत हुतीस ना? मी घेऊन देतो. वापर तूच. मला कधीमधी एखादा कागद पाठवायचा झाला तर पाठव, बास."

"आन् त्याच्या बदल्यात?"

"काय न्हाई गं. लाइन रोज मरतीच की आपल्याकडं. लिंबाचा सीझन हाय तवर सकाळच्याला, लिलाव होईस्तोवर मेली म्हनायचं. त्यात खोटं ते काय? आज न्हाई मेली तर उद्या मरनारच हाय."

रंजनाताईंनी लगेच नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर गावात लोक सांगायचे की त्यांनी शेठला हाकलून दिलं. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." शेठ गेल्यावर बराच वेळ त्या काचेखालच्या त्या रंगीत कागदाकडे बघत होत्या.

संध्याकाळी मला म्हणाल्या, "साहेब, मशिन आलं तर कर्जतपासनं लोक येतील माझ्याकडं. आप्पांच्या औषधाची काळजी मिटंल. आन् शेठ म्हनत्यात ते खोटं बी न्हाई. लाइन मरतीच की."

मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी दमलीय. दमल्यावर मानसाला सगळंच बरोबर वाटाय लागतं."

दुसऱ्या दिवशी बबनशेठ आले, तेव्हा चारदोन शेतकरीही उभे होते. रंजनाताई सगळ्यांसमोरच बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, थकलेला. "शेठ, लाइन मेली तर मी मेली म्हनंन. जिवंत आसताना म्हनायला लावू नका. गावातल्या मयताचे निरोप मी देते. गेला नसताना कुनाला गेला म्हनले तर पुन्हा माझ्या तोंडचं कोन खरं धरंल?"

शेठ हसले, "बरं, राहिलं," म्हणाले आणि गेले. राग दाखवला नाही. पण उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी ऐकलं होतं. दुपारपर्यंत गावभर झालं ते एवढंच, की शेठ रंजनाला मशिन देत होते.

त्यानंतर आठवडाभरातच सकाळी मी बूथवर गेलो तर रंजनाताई रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. लाइन मेली होती. खरोखरीची. भाव सगळ्यांत चढा असण्याचे दिवस, समोर शेतकऱ्यांची रांग, आणि फोन मुका. त्यांनी रांगेकडे बघून सांगितलं, "लाइन मेलीय."

एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मशिन कधी येतंय मग, ताई?"

त्या दिवशी लिलाव पडेल भावात गेला. दुसऱ्या दिवशीही लाइन नव्हती. दुपारी मुंबईहून परतलेल्या एका टेम्पोवाल्याने तिथला खरा भाव सांगितला आणि गाव पेटलं. सातआठ जण बूथवर आले. मी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत तिथेच होतो. नको नको ते बोलले. रंजनाताईंच्या पायावरून बोलले, जातीवरून बोलले. दत्तू नावाच्या एका शेतकऱ्याने हातातली काठी केबिनवर मारली. काच खळकन खाली आली. रंजनाताई जागच्या हलल्या नाहीत. लोक गेल्यावर मी काचा गोळा करू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या, हात कापंल."

"तुम्ही काही बोलत का नाही?" मी विचारलं. "शेठच्या घरचा फोनही बंद आहे, बँकेचाही बंद आहे. मी सांगतो सगळ्यांना."

"सांगा. तुमचं ऐकतील." मग म्हणाल्या, "मी काय सांगू, साहेब? लाइन मेलीय, हेच तर शेठ माझ्याकडनं इकत घ्यायला आल्ते. मी इकलं न्हाई. पन त्यांनी त्याला किंमत लावली ना, तवाच ते बाटलं. आता खरं बोलले तरी ते इकल्यावानीच वाटतंय."

मी दोघातिघांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडेही जरा संशयाने पाहिलं.

तिसऱ्या दिवशी टेलिफोन खात्याचा माणूस नगरहून आला. रस्तारुंदीकरणासाठी हायवेच्या कडेला खोदकाम चाललं होतं, तिथे केबल तुटली होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तो खड्डा आणि तुटकी केबल डोळ्यांनी पाहिली. दुपारी लाइन सुरू झाली. दुसऱ्या सकाळी रांग पुन्हा लागली. रांगेत दत्तूही होता. काच नसलेल्या केबिनमध्ये उभं राहून तो मुंबईशी बोलला, बाहेर आला, पैसे ठेवले आणि खाली बघत निघून गेला. माफी कुणीच मागितली नाही. रंजनाताईंनी महिन्याभराने कर्जतहून काच आणवून बसवली, स्वतःच्या पैशाने.

पुढच्या वर्षी बबनशेठच्या पुतण्याने समोरच्या बाजूला दुसरा बूथ टाकला. त्यात फॅक्स होता, झेरॉक्स होता, थंड पाणी होतं. केबिन नव्हती. तो पोरगा सकाळी स्वतःच मुंबईला फोन लावायचा आणि भाव मोठ्याने सगळ्यांना फुकट सांगायचा. तो भाव खऱ्यापेक्षा थोडा कमी असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गर्दी तिकडेच. "फुकट सांगतोय, आन् थोडाच कमी सांगतोय," असं दत्तूच एकदा मला म्हणाला. रंजनाताईंकडे घरचे फोन राहिले, आणि मयताचे. पुतण्याकडे ते कुणी न्यायचं नाही.

वडील गेल्यावर त्यांनी बूथ परत केला आणि त्या भावाकडे नागापूरला गेल्या. एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. काही महिन्यांनी माझीही नगरला बदली झाली. एका संध्याकाळी त्या मला माळीवाड्याजवळ सिटी बसची वाट बघत बसलेल्या दिसल्या. कुबड्या शेजारी, मांडीवर भाजीची पिशवी. केस बरेच पांढरे झाले होते.

नोकरी कशी आहे विचारलं, तर म्हणाल्या, "फोनच्या बोर्डावरनं काढलं, साहेब. आता पॅकिंगला हाय."

"का?"

"माल देनाऱ्यांचे फोन यायचे, बिलासाठी. मॅनेजर म्हनायचे, साहेब बाहेर गेलेत सांगा. साहेब तर काचेतनं दिसत आसायचे मला. मग मी सांगायचे, साहेब फोन घेत न्हाईत. ते बी खरंच हुतं ना?"

"मग?"

"एक वर्कशॉपवाला मुद्दाम भेटायला आला. म्हनला, बाई, तुमच्यामुळं माझा रोजचा हेलपाटा वाचला, मी दुसरं गिऱ्हाईक बघितलं. हे मॅनेजरनी ऐकलं. रागावले न्हाईत. म्हनाले, तुमाला बसून बसून तरास व्हतो, पॅकिंगला जा." त्या थोडं हसल्या. "बोर्डावर आता मशिन बसवलंय. आपोआप बोलतंय. बाईचाच आवाज हाय, लई गोड. कुनीबी फोन केला की म्हनती, कृपया प्रतीक्षा करा. मशिनला लाज न्हाई, साहेब. ती मानसानं ठेवायची आसती, पन मानूसच तिथनं उठवला."

मी म्हणालो, "दुसरीकडे बघू का काही? बँकेतले बरेच खातेदार कारखानदार आहेत."

"बघा. पन बोर्डाचं काम नको. लई दमले मी बोलून." बस आली. मी पिशवी वर दिली, त्यांनी दांड्याला धरून स्वतःला वर ओढून घेतलं. जागा मिळाली का, ते गर्दीत दिसलं नाही.

त्यांच्यासाठी दोनचार ठिकाणी शब्द टाकला, जमलं काही नाही. मग महिन्यादोन महिन्यांनी निरोप द्यावा म्हणून मी त्यांच्या कंपनीत फोन केला. पलीकडून खरोखरच एक गोड आवाज आला आणि त्याने मला प्रतीक्षा करायला सांगितलं. मागे कसलंसं संगीत सुरू झालं. रंजना साळवे यांना बोलवा, पॅकिंगमध्ये आहेत, असं मी दोनदा म्हणालो. त्या आवाजाने मला पुन्हा तेच सांगितलं. बराच वेळ मी रिसीव्हर धरून उभा होतो. पलीकडे ऐकणारं कुणीच नव्हतं.