मास्तरांचा भाता

थांबेकर हे त्याचे आडनाव नव्हते. मरोळच्या गावठाणातल्या त्या माणसाचे नाव फ्रान्सिस. पण बिघडलेल्या यंत्राभोवती चार जण जमून चार उपाय सुचवू लागले, की तो हात वर करून म्हणे, "थांबा. आधी ऐकू." एवढ्यावरून साकीनाक्याच्या स्टुडिओवाल्यांनी त्याला थांबेकर करून टाकले. स्टुडिओतले संगणक आणि त्या संगणकांतली वाद्ये दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. मात्र पडद्याकडे पाहण्याआधी तो डोळे मिटून बसे. संगणक कानाने तपासणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तो गेल्यापासून आमच्या भजनी मंडळाच्या मोबाइलवरील गटात त्याच्याविषयी जे लिहिले जात आहे, ते मी मुकाट्याने वाचतो आहे. 'माणूस भला, पण हाताला यश नव्हते.' 'सावंतांकडे साधी पेटी दुरुस्त करता आली नाही.' एका विद्वानाने तर त्याचे कान गेले होते असेही ठोकून दिले. त्या दिवशी सावंतांच्या स्टुडिओत मंडळाचे चार गायक हजर होते. आज सर्वांत जास्त तेच लिहितात, आणि समोर काय घडले हे त्यांच्यापैकी एकालाही कळलेले नाही. मला कळले आहे. फार उशिरा कळले, पण कळले आहे.

सावंतांचा स्टुडिओ म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतला एक गाळा. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापण्याचे प्रेस चाले आणि भिंतीला कितीही स्पंज चिकटवला तरी त्याची धडधड माइकमध्ये उतरे. त्यामुळे खऱ्या पेटीचे ध्वनिमुद्रण तिथे होईना. सावंतांनी उपाय म्हणून संगणकात पेटीचे प्लगइन घेतले. समोर साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. त्याच्या पट्ट्या दाबायच्या आणि आवाज संगणकातल्या पेटीचा यायचा. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी तीन-चार मंडळांना पेटीची साथ करीत असे. भाता नसलेली पेटी ही कल्पनाच मला अपमानाची वाटली होती. तरी मंडळासाठी बसलो.

पहिल्याच भजनाला स्वर थरथरू लागला.

"मास्तरांनू, पेटी थरथरता कित्याक?" काचेपलीकडून सावंतांनी विचारले.

"ते तुमच्या डब्याला विचारा," मी म्हणालो.

थांबेकरला बोलावणे गेले. त्याने स्वतः वाजवून पाहिले, तेव्हा आवाज स्वच्छ. मी वाजवले, की थरथर. त्याने वायर बदलली, प्लगइन काढून पुन्हा बसवले, कीबोर्ड दुसरा आणला. थरथर जाईना. दुपार अशीच गेली. ताटकळलेल्या गायकांपैकी एकाला विनोद सुचला. "मास्तर, आता बोटंच थरथरायला लागली की काय तुमची?"

सगळे हसले. मी उठून उभा राहिलो. "पंचेचाळीस वर्षं पेटी वाजवतोय मी! यात माझी चूक निघाली, तर जन्मात पुन्हा पेटीला हात लावणार नाही. आईची शपथ!"

"थांबा," थांबेकर शांतपणे म्हणाला. "मास्तर, तेच भजन परत एकदा वाजवा ना." तो डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटला, "मशीन बिघडतं ना, तेव्हा असं तालात नाय बिघडत." मग त्याने डोळे उघडले. आधी माझ्या हातांकडे पाहिले, नंतर चेहऱ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले.

"सावंत, लोचा प्लगइनमध्येच आहे. मला नाय जमत."

"अख्खो दिवस घालवलंस आणि आता सांगतंस?"

"सॉरी ना. थोडं सेटिंग बदलून ठेवतो. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी थरथर नव्हती. एवढेच नव्हे, स्वर खऱ्या पेटीसारखा भरत होता, ओसरत होता. मी काय म्हणालो तेही लिहिले पाहिजे. मी म्हणालो, "बघा, तो गेला आणि पेटी सुधारली." हे वाक्य घाटकोपरपर्यंतच्या स्टुडिओंत फिरले. सावंतांनी त्याला पुन्हा बोलावले नाही. हळूहळू इतरांनीही सोडले. शेवटी तो घराच्या ओट्यावर मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करीत असे. एकदा बाजारात भेटला.

"काय मास्तर, पेटी बरी आहे ना?"

"तुझ्यावाचून उत्तम आहे."

"मग झकास!" तो म्हणाला, आणि मनापासून हसला. ते हसणे मला त्या वेळी निर्लज्जपणाचे वाटले होते.

गेल्या वर्षी सावंतांनी संगणक बदलला आणि थरथर परत आली. या वेळी दुरुस्तीला एक बाई आल्या. सावंत बाहेर गेले होते, गाळ्यात आम्ही दोघेच होतो. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि सरळ विचारले, "काका, तुमचा डावा हात काय करतोय?"

मी खाली पाहिले. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक लहान चाक असते. ते हलवले की स्वराला कंप येतो. उजव्या हाताने मी वाजवीत होतो आणि माझा डावा हात, भाता ओढण्याच्या सवयीने, ते चाक तालात मागेपुढे ढकलत होता. पेटीवाल्याचा डावा हात हलताना पाहण्याची सर्वांना इतकी सवय, की तो कोणाला दिसलाच नव्हता. मग इतके दिवस थरथर का नव्हती, हे पाहायला बाईंनी जुना संगणक सुरू केला. त्यात थांबेकरने ठेवलेले सेटिंग सापडले. चाकाचा कंप काढून त्याने त्याला आवाजाचा चढउतार जोडला होता. माझ्यासाठी त्या चाकाचा भाता केला होता. सेटिंगला नाव दिले होते, 'मास्तरांचा भाता'.

त्या दिवशी त्याने खरे सांगितले असते, तर शपथेप्रमाणे माझी पेटी सुटली असती. त्याने स्वतःचे नाव जाऊ दिले.

मरोळ दूर नाही. एका बसचा रस्ता. मी गणपतीनंतर जायचे ठरवले, मग नाताळानंतर. क्षमेचे वाक्य मनात घासूनपुसून ठेवीत राहिलो आणि त्याच्या मृत्यूची बातमी आली. दफनानंतर फाटकापाशी त्या चौघांपैकी एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "चांगला होता हो, पण ती पेटी काही जमली नाही त्याला." मी "हं" म्हणालो. त्याच्या मातीपासून वीस पावलांवर उभा राहून "हं" म्हणालो.

पेटी त्याला जमली होती. चूक माझी होती. हा मजकूर मी येत्या गुरुवारी भजनाआधी मंडळात वाचून दाखवणार आहे. ज्यांना माझी शपथ आठवत असेल, ते मध्येच बोलू लागतील. मी हात वर करीन आणि म्हणेन, "थांबा. आधी ऐका." वाचून झाल्यावर मी पेटी उघडणार आहे. ती माझ्या हातून सुटू नये म्हणून तो गप्प राहिला. त्याने राखलेली पेटी सोडण्याचा अधिकार मला उरलेला नाही.