तिसऱ्यांदा धुतलेलं पेशीपटल

रूथ मॅडमांची आणि माझी पहिली भेट कुठे झाली, याबद्दल माझा गोंधळ आहे. त्यांच्या मते ती नगरच्या कॉलेजात, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. माझ्या मते त्याच्या आदल्या दिवशी, घोडेगावात, मटणाच्या दुकानापुढे. मी मावशीकडे आलो होतो. रांगेत पुढे एक बाई बर्फाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"कापून किती मिनिटं झाली?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच कापलंय बाई. कलिजी लई ताजी हाय, फोडणीला टाकायचाच उशीर."

खाण्याच्या बाबतीत काय चोखंदळ बाई, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाई माझ्या मार्गदर्शक म्हणून समोर बसल्या होत्या आणि कलिजी यंत्रात घोटली जात होती.

तिच्यातून पेशींची पटलं वेगळी करायची होती. पटल म्हणजे पेशीभोवतीचा चरबीचा पातळ पापुद्रा. त्यात रिसेप्टर नावाची प्रथिनं बसलेली असतात, बाहेरून आलेला निरोप पकडणारी. भोवतीची चरबी बदलली की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि कामही, हा मॅडमांचा आयुष्यभराचा विषय. मी म्हणालो, काम तर प्रथिन करतं, चरबी नुसती भोवती असते.

"बाजेची सुतळी सैल पडली की झोपणारा सरळ राहतो का रे?" मॅडमांनी विचारलं.

मी पाथर्डीचा, बाज मला ठाऊक. रिसेप्टर मात्र कळला नाही. आज मी हेच शिकवतो आणि अजूनही फळ्यापुढे मध्येच अडतो.

दोन वर्षं झाली तरी माझ्या हाती निकाल नव्हता. पुढच्या सोमवारी समितीला काही दाखवलं नाही, तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती. त्या आठवड्यात मॅडम डब्यात माझ्यासाठी दोन भाकरी जास्त आणत. मी इतका घाबरलो होतो, की पटलं आणखी स्वच्छ करायला गेलो. मॅडमांच्या पद्धतीत ती साध्या द्रावणात दोनदाच धुवायची. मी तिसऱ्यांदा धुतली, डिटर्जंट घालून. रिसेप्टर एकही निरोप पकडेनात. वहीत मी 'दोनदा धुतली' असंच लिहिलं.

मॅडमांनी वही वाचली, मग बराच वेळ नळीतल्या फेसाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

"चरबी निघून गेली असेल. कलिजीतलीच काढून परत मिसळून बघ."

मिसळली. रिसेप्टर पुन्हा काम करू लागले. सगळे नव्हेत, पण समितीला दाखवण्यापुरते. नोंदणी वाचली. वही मॅडमांनी स्वतःकडेच ठेवून घेतली. त्यांना कळलं होतं, की नुसता अंदाज बरोबर आला? विचारायचं तर आधी मला कबूल करावं लागलं असतं. ते काही जमलं नाही.

या लेखासाठी गेल्या महिन्यात त्यांनी ती वही मला काढून दिली. माझ्या 'दोनदा धुतली'पुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तिसऱ्यांदा?' आणि खाली उत्तरासाठी दोन कोऱ्या ओळी आखल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी तोंडाने का विचारलं नाही, हे मला अजून उमजत नाही. लाज मात्र वाटते.

मॅडमांची पंचाहत्तरी पूर्ण होते आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि घोडेगावची कलिजी आता तरी त्यांनी फोडणीला टाकावी. त्या दोन कोऱ्या ओळी मी इथे, सगळ्यांसमोर भरतो.

होय मॅडम, तिसऱ्यांदा. डिटर्जंट घालून.