चौथ्या वळणावरचा दगड

हिमाचलातल्या या घाटात चौथ्या वळणावर, रस्त्याच्या कडेला एक दगड असतो. टायर घासून घासून एका अंगाने गुळगुळीत झालेला. चढावर ज्याचा ट्रक बंद पडतो, तो हाच दगड चाकामागे लावतो. आज माझ्यासाठी तो मामांनी लावला, दुखऱ्या गुडघ्याने केबिनमधून उतरून. मी आपला सगळं अंग ब्रेकवर टाकून बसलेलो.

मामा माझे सख्खे कुणी नव्हेत, गावचे. आठवीत शाळा सोडलेल्या मला इतक्या लांब कामाला त्यांनीच आणलं. आठ दिवसांनी ते कायमचे गावी जाणार. तोवर हा घाट जमला तर ट्रक माझ्याकडे, नाहीतर मीही त्यांच्याबरोबर परत.

"इंजिन रडायला लागलं की लगेच दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यायचं," मामा म्हणाले. "वाट कसली बघतोस? चढाला तुझी दया येईल म्हणून?"

मी खरंच तीच वाट बघतो. अजून थोडं ओढेल, असं वाटत राहतं. शाळेतही गणित आपोआप कळेल म्हणून असाच बसून राहिलो होतो. मी ज्याला आशा म्हणतो, तो बहुतेक वेळा नुसता उशीर असतो.

शेवटी मामांनीच ट्रक वर सपाटीला नेला. रस्त्यातला दगड उचलायला मी मागे चालत आलो. तो हातात घेतला आणि खाली दरीकडे बघत उभा राहिलो.

"फेकू नको रे!" वरून मामा ओरडले. "कडेला ठेव. उद्या लागेल."

मी ठेवला. चटकन सापडेल असा.