सगळीकडे एकच भेग

मंडळी, आज म्हसळ्याजवळच्या एका वाडीत माझी चांगलीच फजिती झाली.

विहीर कुठे खणायची हे ठरवण्यासाठी मी खडकातली भेग शोधत होतो. आमचं रडार चाकांच्या गाड्यावर बसवलेलं असतं. ते जमिनीवरून ढकललं की खालचा खडक स्क्रीनवर दिसतो.

पहिल्याच फेरीत ठळक आडवी रेघ आली. मी ओरडलो, "भेग सापडली!" बघायला जमलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मग शेतात गेलो, तिथेही तीच रेघ. देवळामागेही तीच. शेवटी संशय आला म्हणून गाडा उलटा केला, तर खाली काळ्या दोऱ्याने घोड्याची नाल बांधलेली! रडारला लोखंड चिकटलं की त्याला दुसरं काही दिसतच नाही.

"तुमी चाय पीत व्हतात तवा मीच बांधली," जागेच्या मालकीण काशीआत्या म्हणाल्या. "येवढं म्हागाचं मशीन, कुनाची नजर लागली म्हंजे?"

मी त्यांना विज्ञान समजावलं आणि नाल सोडली. पाचव्या मिनिटाला गाड्याचं चाक निखळलं. आत्यांनी नाल उचलून माझ्या हातात ठेवली.

चाक बसवलंय, उद्या परत जायचंय. नाल माझ्या सॅकमध्ये आहे. तेवढ्या अंतरावरून चालते का हो?