गाडीखाली बघणारा साहेब

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या गॅरेजात तो म्हातारा गोरा आला की माझं डोकं फिरायचं. काम झालं की गिऱ्हाईक शेजारी बसतं आणि मेकॅनिक ट्रायल देतो, ही आमची पद्धत. हा मात्र माझ्या हातून चावी काढून घ्यायचा, "बॅक, बॅक" करत मला पार भिंतीपर्यंत हटवायचा. मग काठी टेकत गुडघ्यावर बसायचा, जीपखाली टॉर्च मारायचा आणि एकटाच गाडी चालू करायचा.

"आपण पार्ट बदलले का ते बघतो," पत्र्याचे पोचे काढणारा आमचा डेंटर युसूफभाई म्हणायचा. "आयर्लंडातला इंग्रज लॉर्ड आहे म्हणे. पूर्वी इथं बंडखोरांशी लढाई झाली, तेव्हा फौजेत कमांडर होता. असल्यांना आपण सगळे चोरच!"

मलाही तेच वाटायचं. चिपळूणपासून इथवर माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. शेवटी एकदा चावी मुठीत घट्ट धरून मी मोडक्या इंग्रजीत विचारलंच, "सर, आमच्यावर भरोसा नाही?"

त्यानं काठीनं जीपच्या खालची बाजू दाखवली.

"लढाईत एकदा ड्रायव्हरला म्हणालो, तू गाडी चालू कर, मी चहा संपवून येतो," तो म्हणाला. "गाडीखाली बॉम्ब होता. कप माझ्या हातातच राहिला."

मी चावी दिली. खरं की थाप, अजूनही सांगता येत नाही. पण हल्ली तो "बॅक" म्हणायच्या आधीच मी भिंतीशी जातो. कुरकुरणाऱ्या युसूफभाईलाही दंडाला धरून मागे ओढतो.