बत्तीस घरांच्या किल्ल्या

स्वतःला घराबाहेर कोंडून घेण्यात आमच्या वसाहतीत माझा हात कुणी धरणार नाही. दार ओढलं की किल्ली आत आणि मी पायरीवर. मग किल्लीवाल्यांना हाक. शेजारच्या बंगल्यामागे गॅरेजची खोली होती, तिथे ते आणि त्यांची बायको वीस वर्षं भाड्याने राहिले. पायात चपला सरकवून दोन मिनिटांत हजर. "काय बाई, पुन्हा?" एवढंच म्हणायचे. जन्मभर शाळेत विसरभोळ्या पोरांना बाकावर उभं केलं, त्याची ही फेड असावी.

बत्तीस घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे फळीवर टांगलेल्या असत. माणूस सोन्यासारखा, असं सगळेच म्हणत. मीही म्हणायची.

यंदा शेजाऱ्यांनी बंगला विकला आणि किल्लीवाल्यांना खोली सोडायला तीन महिने दिले. आमच्याकडे कित्येक वर्षांत नवी वीट रचलेली नाही, त्यामुळे आहेत त्या घरांचे भाव ऐकूनच घाम फुटतो. भाड्याची दुसरी खोली मिळेना. एकच आशा होती. बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या जागेवर चार मजली इमारत होणार होती, छोट्या, परवडणाऱ्या घरांची. यादीत त्यांचं नाव लागलं होतं. कागद दाखवायला ते माझ्याकडे आले.

"बाई, बावीस नंबर. दोन खोल्या. कुलूप मात्र माझं मी बसवणार."

पण आमच्या रहिवासी मंडळाने हरकत घेतली तर सगळंच बारगळणार होतं. त्यासाठी रविवारी सकाळी सभा ठेवली, आणि सचिवांनी नेमकी सभागृहाची किल्ली हरवली. कुलूप उघडायला बोलावलं कुणाला, हे सांगायला नको. किल्लीवाल्यांनी मिनिटभरात उघडून दिलं. ते निघाले तर सचिव म्हणाले, "थांबा जरा. हात मोजायला कुणीतरी हवंच आहे. तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात."

ते पिशवी घेऊन भिंतीशी उभे राहिले. गाड्या कुठे लावायच्या, पाणी पुरेल का, अशी बोलणी झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "कसली कसली माणसं राहायला येतील, काय सांगावं." माना डोलल्या. बावीस नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, त्या दिवशी ऐकून घेतलं. कारण सांगते, लाज वाटते तरी सांगते. चौथा मजला झाला असता तर माझ्या ओसरीवरचं सकाळचं ऊन गेलं असतं.

"विरोधात असलेल्यांनी हात वर करा."

मी केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते रांगेरांगेने बोट फिरवत मोजत आले. माझ्यापाशी बोट क्षणभर थांबलं, मग पुढे सरकलं.

"एकेचाळीस," ते म्हणाले. बाजूने सहाच हात होते.

"नीट मोजलंत ना?" सचिवांनी विचारलं.

"दोनदा मोजलेत."

त्यांना खोली मिळाली ती बसने दोन तासांवर. जायच्या आधी ते दारोदार फिरून ज्याची त्याची किल्ली परत देत होते. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. चोराच्या हाती लागली तरी कळू नये म्हणून तिच्यावर नाव नाही, फक्त खूण. डॉक्टरांची 'कुत्रा', सचिवांची 'करकरणारं फाटक'. माझ्या तळहातावर ठेवली तिच्यावर लिहिलं होतं, 'शेजारीण'.

"माझं चुकलं हो," मी म्हणाले.

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "ऊन छान येतं इथे," म्हणाले, आणि पुढच्या घराकडे गेले.

काल दार पुन्हा ओढलं गेलं. दोन्ही किल्ल्या आत. सवयीने गॅरेजकडे तोंड करून हाक मारली. मग त्यांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत दोन तास ऊन खात बसले.